धावणारा कुत्रा लंगडू लागला तर...

कोल्हापूर : पहाटे रंकाळ्याच्या काठावर, शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात किंवा कळंबा तलावाच्या वाटेवर फिरायला येणाऱ्यांत आपल्या कुत्र्याला सोबत घेऊन येणारेही अनेक असतात. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, डॉबरमन, पामेरियन, क्वचित एखादा सडपातळ कारवान आणि हौसेने पाळलेले गावठी कुत्रे असे सारेच त्यांत दिसतात. यातला एखादा चपळ कुत्रा अचानक एक पाय उचलून चालू लागतो. दुपारपर्यंत तो पुन्हा धावताना दिसतो आणि ‘मुरगळला असेल, झाला बरा’ असे म्हणून घरातली मंडळी विषय सोडून देतात. आठवड्याने तोच पाय पुन्हा दुखू लागतो. सांध्यांच्या कितीतरी जुनाट दुखण्यांची सुरुवात अशीच झालेली असते.

लंगडणे हे लक्षण आहे, रोग नव्हे. पंज्यात रुतलेल्या काट्यापासून हाडाच्या कर्करोगापर्यंत अनेक कारणे त्यामागे असू शकतात. त्याचबरोबर लंगडणे थांबले म्हणजे दुखणे संपले असेही नाही. धावण्याची आवड असलेल्या कुत्र्याच्या बाबतीत ही दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. असा कुत्रा उत्साहाच्या भरात वेदना विसरतो, दुखऱ्या पायावर भार टाकतो आणि किरकोळ इजा मोठी करून घेतो. स्वतःहून थांबणे त्याला जमत नाही. त्याला थांबवण्याची जबाबदारी मालकावर येते.

कोणता पाय दुखतो?

कुत्रा वेदनेने ओरडत नाही, म्हणजे त्याला दुखत नाही, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. पाय सतत दुखत असताना बहुतेक कुत्रे गप्प राहतात. जिना चढताना थबकणे, गाडीत उडी मारण्यास नकार देणे, उठताना वेळ लागणे, एकच जागा सतत चाटणे, नेहमीपेक्षा चिडचिड करणे ही त्यांच्या वेदनेची भाषा असते.

दुखरा पाय ओळखण्यासाठी कुत्र्याला सपाट, न घसरणाऱ्या जमिनीवर सैल साखळीने सावकाश चालवावे आणि समोरून, मागून व बाजूने पाहावे. कुत्र्याच्या शरीराचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर आणि ४० टक्के मागच्या पायांवर असतो. पुढचा पाय दुखत असेल तर तो पाय जमिनीवर टेकताना कुत्रा डोके वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना डोके खाली जाते. मागचा पाय दुखत असेल तर तो टेकताना त्या बाजूचा खुबा वर उचलला जातो आणि भार पुढे ढकलण्यासाठी डोके खाली झुकते. दोन्ही मागचे पाय दुखत असल्यास लंगडणे स्पष्ट दिसत नाही. कुत्रा दोन्ही पाय जोडून सशासारखा उड्या मारत धावतो.

या वेळी भ्रमणध्वनीवर अर्ध्या मिनिटाचे चित्रीकरण करून ठेवणे अत्यंत उपयुक्त ठरते. दवाखान्यात शिरताच अनोळखी वातावरणामुळे कुत्रा ताठरतो किंवा उत्तेजित होतो आणि घरी स्पष्ट दिसणारे लंगडणे तेथे दिसेनासे होते. अशा वेळी ते चित्रीकरण डॉक्टरांना अर्धे निदान सांगून जाते.

आधी पंजा पाहावा

अचानक सुरू झालेल्या लंगडण्याचे कारण पुष्कळदा पंज्यातच सापडते. भरपूर उजेडात पंज्याच्या गाद्या, बोटांमधील बेचके आणि प्रत्येक नख तपासावे. बाभळीचा काटा, काचेचा तुकडा, गादीला गेलेली चीर, मुळापासून तुटलेले किंवा वाढून आत वळलेले नख ही नेहमीची कारणे. पुढच्या पायाच्या आतील बाजूस किंचित वर असलेले अंगठ्याचे नख जमिनीला टेकत नसल्याने झिजत नाही आणि ते तपासायचे अनेकदा राहूनही जाते.

कोल्हापूरच्या परिसरात ऋतूप्रमाणे इजांचे स्वरूप बदलते. पावसाळा संपल्यावर माळरानावरील कुसळी गवत वाळते. त्याची टोकदार कुसळे बोटांच्या बेचक्यातून कातडीत शिरतात आणि त्यांची रचना अशी असते, की ती पुढेच सरकत राहतात, मागे येत नाहीत. कुत्रा एकच बेचके सतत चाटू लागतो, तेथे लाल गाठ येते, तिला छिद्र पडून पू वाहतो. प्रतिजैविकांनी ती तात्पुरती बसते. परंतु कुसळ आत असेपर्यंत पुन्हा पुन्हा येते. ऊसतोडीच्या हंगामात मोकळ्या झालेल्या शेतात धावणाऱ्या कुत्र्यांच्या गाद्या उसाच्या टोकदार बुडख्यांनी फाटतात. एप्रिल-मेच्या उन्हात डांबरी रस्ता गाद्यांना भाजून काढतो. रस्त्यावर तळहाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवता येत नसेल, तर तो रस्ता कुत्र्यालाही चालण्याजोगा नाही, हा साधा नियम लक्षात ठेवावा.

वरवर रुतलेला काटा चिमट्याने काढून जखम स्वच्छ पाण्याने किंवा मिठाच्या कोमट पाण्याने धुवावी. खोल गेलेली वस्तू, वाहते रक्त किंवा मोठी चीर असल्यास स्वच्छ कापडाने दाब देऊन डॉक्टरांकडे न्यावे. खोल रुतलेली वस्तू घरी उपटू नये.

हात लावताना सावधगिरी

पंज्यात काही न आढळल्यास बोटांपासून वर खांद्यापर्यंत किंवा खुब्यापर्यंत पाय हलक्या हाताने चाचपावा. चांगल्या पायापासून सुरुवात करावी, म्हणजे फरक कळतो. सूज, उष्णपणा, वेडावाकडा आकार आणि कोठे दाबल्यावर कुत्रा पाय ओढून घेतो, एवढे पाहणे पुरे. सांधे जोराने वाकवून किंवा ताणून पाहू नयेत.

वेदनेत असलेला अत्यंत प्रेमळ कुत्राही घरच्या माणसाला चावू शकतो. त्यामुळे तोंडाला जाळी किंवा मऊ पट्टी बांधूनच तपासणी करावी. धाप लागलेल्या किंवा उलटी करणाऱ्या कुत्र्याचे तोंड मात्र बांधू नये. चावा बसल्यास किंवा ओरखडा उठल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने किमान १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन रेबीजच्या लसीबाबत सल्ला घ्यावा. मागच्या पायांतील लुळेपणा आणि त्यासोबत बदललेला स्वभाव, लाळ गळणे, गिळता न येणे ही रेबीजची लक्षणे असू शकतात. लस न दिलेल्या किंवा मोकाट कुत्र्याने चावलेल्या प्राण्यात अशी लक्षणे दिसल्यास त्याच्या तोंडात हात घालण्याचे धाडस कोणीही करू नये.

वाट पाहू नये असे प्रसंग

पुढीलपैकी काहीही आढळल्यास कुत्र्याला त्याच दिवशी, शक्य तितक्या लवकर पशुवैद्यकाकडे न्यावे :

- पाय अजिबात टेकवत नसेल, लोंबकळत असेल किंवा वेडावाकडा दिसत असेल.
- वाहनाची धडक बसली असेल किंवा उंचावरून पडला असेल. अशा वेळी पायापेक्षा छाती-पोटातील इजा अधिक घातक असू शकते.
- मागचे दोन्ही पाय ओढत चालत असेल, उभे राहता येत नसेल किंवा लघवी अडली असेल. मणक्याच्या इजेत काही तासांचा उशीरही महागात पडतो.
- हाड दिसत असेल, जखम खोल असेल किंवा रक्त थांबत नसेल.
- पायाला झपाट्याने सूज चढत असेल. उसाच्या शेतातून, गवतातून आलेल्या कुत्र्याच्या बाबतीत घोणशीसारख्या विषारी सापाच्या दंशाची शंका घ्यावी. दंशाची जागा कापू नये, आवळून बांधू नये. कुत्र्याला उचलून न्यावे.
- लंगडण्यासोबत ताप, सुस्ती किंवा अन्नावरची वासना उडणे ही लक्षणे असतील. निरोगी कुत्र्याच्या शरीराचे तापमान साधारण १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. हाताला कुत्रा गरम लागतो म्हणून ताप आहे असे समजू नये, तापमापकाने पाहावे.

याउलट, कुत्रा पायावर भार देतो, खातो-पितो, फक्त किंचित लंगडतो, अशा वेळी २४ ते ४८ तास संपूर्ण विश्रांती देऊन निरीक्षण करणे योग्य ठरते. त्यानंतरही फरक नसेल, किंवा बरे वाटून लंगडणे परतले असेल, तर तपासणी टाळू नये.

विश्रांती म्हणजे काय?

‘आज फिरायला नेले नाही’ म्हणजे विश्रांती नव्हे. दारावरची घंटा वाजताच धावणारा, सोफ्यावरून उडी मारणारा, गच्चीवर वर-खाली करणारा कुत्रा घरातही दिवसभर सांध्यांना हिसके देतच असतो. खरी विश्रांती म्हणजे लहान खोली, पिंजरा किंवा आडोसा केलेला कोपरा. जिना, उड्या आणि इतर कुत्र्यांशी खेळणे पूर्ण बंद. आणि नैसर्गिक विधींसाठी तेवढे पाच मिनिटे साखळीला धरून बाहेर नेणे. गुळगुळीत फरशीवर घसरू नये म्हणून सतरंजी किंवा रबरी चटई अंथरावी.

पहिल्या दोन दिवसांत सुजेवर कापडात गुंडाळलेला बर्फ दहा ते पंधरा मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा धरता येतो. ताज्या सुजेवर गरम शेक देऊ नये, जोराने मालीश करू नये. माणसांसाठीचे वेदनाशामक मलम चोळू नये. कुत्रा ते चाटतो आणि त्यातील कापूर, विंटरग्रीनचे तेल यांसारखे घटक पोटात जातात. घरी घट्ट पट्टी बांधणे त्याहून धोक्याचे. पट्टीखाली रक्तपुरवठा अडला तर बोटे सुजतात, थंड पडतात आणि पंजा गमावण्याची वेळ येऊ शकते. बसवायला जाणकार बोलावून पाय ओढून घेण्याचा प्रकार तर सर्वस्वी टाळावा. हाड मोडले असेल तर त्या ओढाताणीत कडा आतील रक्तवाहिन्या फाडतात.

बसून राहणे चपळ कुत्र्याला शिक्षा वाटते, हे खरे. त्याच्या नाकाला आणि मेंदूला काम दिल्यास हा काळ सुसह्य होतो. खाऊ कापडाच्या घड्यांत लपवून शोधायला लावणे, जागेवर बसून नवे हुकूम शिकवणे, चावण्याजोगे खेळणे देणे असे उपाय करता येतात. विश्रांतीच्या दिवसांत आहार थोडा कमी करावा, अन्यथा वजन वाढून त्याच पायावर भार येतो.

घरातील गोळी नको

लंगडणाऱ्या कुत्र्याचे सर्वांत मोठे नुकसान अनेकदा इजेने होत नाही, तर मायेपोटी दिलेल्या गोळीने होते. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक ही माणसांची सर्रास वापरली जाणारी वेदनाशामके कुत्र्याच्या जठराला व्रण पाडतात आणि मूत्रपिंडे निकामी करू शकतात. पॅरासिटामॉलचे प्रमाण चुकले तर यकृतावर आघात होतो. मांजरासाठी तर ते अत्यल्प प्रमाणातही प्राणघातक ठरते. ‘माणसाला एक, तर कुत्र्याला अर्धी’ हा हिशेब शास्त्राला धरून नाही, कारण कुत्र्याचे शरीर ही औषधे वेगळ्या गतीने बाहेर टाकते.

डायक्लोफिनॅकचा इतिहास या संदर्भात उल्लेखनीय आहे. हे औषध दिलेल्या जनावरांचे मृतदेह खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत असल्याचे सिद्ध झाल्यानंतर भारताने २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या देशात ९९ टक्क्यांहून अधिक घटली होती. माणसांसाठीची मोठी बाटली जनावरांसाठी वापरली जाऊ नये म्हणून २०१५ मध्ये तिचे इंजेक्शन ३ मिलिलिटरच्या एकमात्रा कुपीपुरते मर्यादित करण्यात आले. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक यांच्या पशुवापरावरही बंदी आली. तरीही माणसांच्या गोळ्या घरोघरी असतात आणि त्या कुत्र्याच्या तोंडी पडतात.

कुत्र्यांसाठी मेलॉक्सिकॅम, कारप्रोफेन यांसारखी वेदनाशामके उपलब्ध आहेत. त्यांची मात्रा वजनावर ठरते आणि दीर्घकाळ द्यायची असल्यास रक्ततपासणीने यकृत व मूत्रपिंडांवर लक्ष ठेवावे लागते. एका वेळी दोन वेदनाशामके किंवा वेदनाशामकासोबत स्टेरॉइड देणे घातक आहे. म्हणून आधी काही दिले असल्यास ते डॉक्टरांना न लपवता सांगावे. औषध सुरू असताना उलटी, काळी शौच किंवा भूक मंदावणे दिसल्यास औषध थांबवून लगेच संपर्क साधावा. आणखी एक बाब म्हणजे, वेदना शमली की कुत्रा धावतो. त्यामुळे औषध सुरू असतानाच विश्रांतीची शिस्त अधिक कडक ठेवावी लागते.

वय आणि जात काय सांगतात?

वाढत्या पिलांमध्ये हाडांची वाढ सुरू असते. मोठ्या जातींत ती पूर्ण होण्यास वर्ष-दीड वर्ष लागते. या काळात दुचाकीमागे पळवणे, लांब अंतर धावायला लावणे, वारंवार उंच उड्या मारायला लावणे सांध्यांना कायमचे नडू शकते. जर्मन शेफर्डसारख्या जातींत पाच ते अठरा महिन्यांच्या दरम्यान लांब हाडांना आतून दाह होऊन आज एक तर उद्या दुसरा पाय दुखतो; हे दुखणे बहुधा वयानुसार आपोआप थांबते. नुसत्या दूध-पोळीवर किंवा नुसत्या मांसावर वाढवलेल्या पिलांची हाडे कॅल्शियमच्या कमतरतेने ठिसूळ होतात, पाय वाकतात आणि साध्या उडीतही हाड मोडते. याचा अर्थ कॅल्शियमची बाटली मनाने सुरू करावी असा नाही; मोठ्या जातींच्या पिलांत जादा कॅल्शियमही सांध्यांची वाढ बिघडवते.

लॅब्राडोर, गोल्डन रिट्रिव्हर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर या जातींत खुब्याचा सांधा जन्मजात प्रवृत्तीमुळे सैल बसतो. कोपराच्या सांध्यातही असाच दोष आढळतो. पामेरियन, पग यांसारख्या लहान जातींत गुडघ्याची वाटी जागेवरून सरकते. असा कुत्रा धावता धावता दोन-चार पावले तीन पायांवर टाकतो आणि लगेच पूर्ववत चालू लागतो. मालकाला ती त्याची लकब वाटते. उतारवयात संधिवात हे मुख्य कारण. मात्र मोठ्या जातीच्या प्रौढ कुत्र्यात मनगटाच्या वर, खांद्याजवळ किंवा गुडघ्याजवळ कठीण, दुखरी सूज दिसली, तर हाडाच्या कर्करोगाची शंका दूर करण्यासाठी क्ष-किरण तपासणी तातडीने करावी.

गोचिडांकडे दुर्लक्ष करून चालत नाही. गोचिडांमार्फत पसरणाऱ्या एर्लिकियासारख्या जंतूंमुळे ताप येतो, रक्तातील प्लेटलेट घटतात आणि अनेक सांधे एकाच वेळी सुजतात. कधी हा तर कधी तो पाय लंगडतो, हिरड्या फिकट दिसतात, नाकातून रक्त येते. अशा कुत्र्याला मुरगळल्याचे औषध देऊन काहीच साधत नाही. रक्ततपासणी आणि पूर्ण मुदतीचा औषधोपचार लागतो.

चपळ कुत्र्याचा दुबळा गुडघा

धावणाऱ्या प्रौढ कुत्र्याच्या मागच्या पायाचे दुखणे वारंवार परतत असेल तर गुडघ्यातील अस्थिबंधाकडे पाहावे लागते. मांडीचे हाड आणि नडगी यांना जागेवर धरून ठेवणारा हा बंध माणसात बहुधा एखाद्या खेळातील हिसक्याने तुटतो. कुत्र्यात मात्र तो महिनोन्‌महिने आतून झिजत जातो आणि एके दिवशी साध्या वळणावर तुटतो. त्यापूर्वी इशारे मिळत असतात. धावून आल्यावर लंगडणे, विश्रांतीने बरे वाटणे, पुन्हा धावल्यावर लंगडणे, बसताना एक पाय बाहेर काढून तिरपे बसणे, त्या बाजूची मांडी बारीक दिसणे, हे ते इशारे. ‘विश्रांतीने बरा होतो’ या समाधानात नेमका हाच काळ वाया जातो.

निदान प्रामुख्याने हाताने होते. डॉक्टर, आवश्यक तर भूल देऊन, नडगी पुढे सरकते का ते पाहतात; क्ष-किरण चित्रात सांध्यातील पाणी आणि झीज दिसते. लहान, हलक्या कुत्र्यांत वजन नियंत्रण आणि काही आठवड्यांच्या बंदिस्त विश्रांतीने काम भागू शकते. मोठ्या, चपळ कुत्र्यांत शस्त्रक्रिया अधिक भरवशाची ठरते. नडगीच्या वरच्या टोकाचा उतार बदलून सांधा स्थिर करण्याची पद्धत अमेरिकेतील पशुशल्यचिकित्सक बार्कले स्लोकम यांनी १९९३ मध्ये मांडली आणि ती आता जगभर वापरली जाते. एक गुडघा गेलेल्या बऱ्याच कुत्र्यांचा दुसरा गुडघाही पुढे निकामी होतो; म्हणून चांगल्या पायाची काळजीही तितकीच घ्यावी लागते.

कारवानची गोष्ट वेगळी

दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकाच्या पट्ट्यात धावणारा कुत्रा म्हटला की कारवान किंवा मुधोळ हाउंड डोळ्यांसमोर येतो. मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या जातीच्या संवर्धनाला चालना दिली. भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये देशी कुत्र्यांवर काढलेल्या चार तिकिटांत तिला स्थान मिळाले. एके काळी शिकारीसाठी हे कुत्रे पाळले जात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ती शिकार बेकायदा ठरली. तरी त्यांची धाव कमी झालेली नाही.

सडपातळ बांधा, लांब पाय आणि पातळ कातडी यांमुळे या कुत्र्यांच्या इजाही वेगळ्या असतात. तारेच्या कुंपणाने कातडी लांबवर फाटते; पूर्ण वेगात वळताना मनगट, बोटे आणि मांडीचे स्नायू दुखावतात. धावण्याआधी पाच-दहा मिनिटे चालवून अंग मोकळे करणे आणि धावून आल्यावर एकदम न बसवता सावकाश फिरवणे त्यांच्यासाठी विशेष गरजेचे. शस्त्रक्रियेची वेळ आल्यास कुत्रा या गटातील असल्याचे भूल देणाऱ्या डॉक्टरांना आवर्जून सांगावे. अंगात चरबी कमी असल्याने काही भुलीच्या औषधांचा परिणाम या बांध्याच्या कुत्र्यांवर अधिक काळ टिकतो.

तपासणी कोठे?

पहिली तपासणी नेहमीच्या नोंदणीकृत पशुवैद्यकाकडे करावी. खासगी दवाखान्यांबरोबर पशुसंवर्धन विभागाच्या दवाखान्यांचाही पर्याय असतो. गुंतागुंतीच्या प्रकरणांत कोल्हापूरकरांना जवळचे पशुवैद्यक महाविद्यालय म्हणजे सातारा जिल्ह्यातील शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय. ते पुणे-बेंगळुरू महामार्गालगतच आहे. मुंबईत परळ येथे १८८६ मध्ये सुरू झालेले मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय आणि बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राणी रुग्णालय आहे. महालक्ष्मी येथे २०२४ मध्ये टाटा ट्रस्टचे लहान प्राण्यांसाठीचे रुग्णालय सुरू झाले. लांब जाण्यापूर्वी दूरध्वनी करून हाडांच्या शस्त्रक्रियेची सोय आणि वेळ विचारून घ्यावी. सोबत आधीची क्ष-किरण चित्रे, औषधांच्या चिठ्ठ्या आणि घरी केलेले चित्रीकरण न्यावे. लंगडणे कधीपासून आहे, सकाळी उठल्यावर अधिक की धावल्यावर अधिक, एकच पाय की बदलता, या तीन प्रश्नांची उत्तरे तयार ठेवावीत. उठल्यावर अधिक आणि चालल्यावर कमी होणारे लंगडणे बहुधा सांध्याकडे बोट दाखवते.

पुन्हा धाव, पण पायरी पायरीने

साध्या मुरगळीतही लंगडणे थांबल्यावर लगेच मोकळे सोडू नये. स्नायू आणि बंध भरून येण्यास वेदना थांबण्यापेक्षा कितीतरी अधिक वेळ लागतो. पायावरची लंगड पूर्ण गेल्यानंतर किमान आणखी एक आठवडा साखळी सोडू नये. नंतर सपाट जमिनीवर दहा मिनिटे, दिवसातून दोनदा चालवावे. दर आठवड्याला पाच-पाच मिनिटे वाढवावीत. त्यानंतर हलका चढ, मग संथ धाव आणि सर्वांत शेवटी मोकळे धावणे. चेंडू फेकण्याचा खेळ अखेरीस सुरू करावा, कारण त्यात अचानक थांबणे, वळणे आणि उडी हे सांध्यांना नडणारे तिन्ही प्रकार एकत्र येतात. कोणत्याही टप्प्यावर त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी लंगड दिसली, तर एक पायरी मागे यावे. पन्हाळ्याच्या चढ-उतारावर नेण्याची घाई करू नये. उतरताना सारा भार पुढच्या पायांवर येतो. शस्त्रक्रियेनंतरचे वेळापत्रक मात्र शल्यचिकित्सकच ठरवतील.

प्रतिबंधाच्या उपायांत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय म्हणजे वजन. अमेरिकेत ४८ लॅब्राडोरवर पिलूपणापासून मृत्यूपर्यंत चाललेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निम्म्या कुत्र्यांना त्यांच्या जोडीदारांपेक्षा २५ टक्के कमी अन्न दिले गेले. सडपातळ राहिलेल्या गटाचे मध्यम आयुर्मान १३ वर्षे, तर दुसऱ्या गटाचे ११.२ वर्षे आढळले. संधिवाताचे उपचारही सडपातळ कुत्र्यांना कित्येक महिने नव्हे, तर सुमारे तीन वर्षे उशिरा सुरू करावे लागले. बरगड्या डोळ्यांना ठळक दिसू नयेत, पण हात फिरवल्यावर सहज लागाव्यात, ही योग्य वजनाची खूण आहे. नखे वेळेवर कापणे, गोचिडांचा बंदोबस्त, फिरून आल्यावर रोज पंजे पाहणे आणि रविवारी एकदम दोन तास पळवण्याऐवजी दररोज ठरावीक व्यायाम देणे, एवढ्या सवयींनी अनेक इजा टळतात.

धावणे हा चपळ कुत्र्याचा आनंद आहे आणि तो त्याला अनेक वर्षे मिळायला हवा. त्यासाठी लंगडण्याच्या पहिल्या दिवशी पंजा पाहणे, मनाने गोळी न देणे, दोन दिवस काटेकोर विश्रांती देणे आणि लंगड परतली तर तपासणी करून घेणे, हा क्रम मालकाने सोडू नये. दोन आठवड्यांचा हा संयम कुत्र्याला पुढची कित्येक वर्षे पायांवर ठेवू शकतो.